लाल दिसतो, हिरवाही दिसतो. घोडं अडतं ते फरकापाशी

एखाद्याने 'मला रंगांधळेपणा आहे' म्हटलं की समोरचा हाताला लागेल ती वस्तू उचलतो आणि विचारतो, "मग हा कुठला रंग, सांग बघू?" उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. दुसरी वस्तू, तिसरी वस्तू, तीही बरोबर. मग विचारणाऱ्यालाच शंका येते की हा उगाच काहीतरी सांगतोय. आणि हाच माणूस नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकासमोर बसला की पानामागून पान चुकतो. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि शेवटच्या पायरीवर पहिल्यांदाच कळतं की आपल्या डोळ्यांत काहीतरी वेगळं आहे. वीस-बावीस वर्षं बिनबोभाट रंग ओळखणारा माणूस एका पुस्तकासमोर नापास कसा होतो, हे त्यालाही उमगत नाही आणि घरच्यांनाही.

गोंधळाचं मूळ नावात आहे. 'रंगांधळा' म्हटलं की काळं-पांढरं जग डोळ्यांसमोर येतं. तसं पाहणारी माणसं आहेत, पण फार थोडी, तीस ते पन्नास हजारांत एखादं. बाकीच्यांना रंग दिसतात. त्यांना काही ठरावीक रंगांमधला फरक दिसत नाही किंवा कमी दिसतो. 'हा कुठला रंग?' या प्रश्नाने ते कधीच पकडता येत नाही. विचारायचंच असेल तर 'या दोन रंगांत फरक आहे का?' असं विचारावं.

## एकटी पेशी रंग सांगू शकत नाही

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो तो दृष्टिपटल. त्यावर उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात आणि रंगाच्या भानगडीत पडत नाहीत. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्यांना भरपूर उजेड लागतो आणि रंग त्यांच्यामुळे कळतो.

शाळेत 'तानापिहिनिपाजा' पाठ केलेलं असतं. त्यातल्या तांबड्या टोकाच्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त, जांभळ्या टोकाची कमी. शंकुपेशींचे तीन प्रकार या पट्ट्यात वेगवेगळ्या जागी सर्वांत संवेदनशील असतात: लांब लहरींच्या सुमारे ५६० नॅनोमीटरला, मध्यम सुमारे ५३० ला आणि आखूड सुमारे ४२० ला. पुस्तकांत यांना लाल, हिरवी आणि निळी पेशी म्हणतात, पण ती नावं जरा फसवी आहेत. ५६० नॅनोमीटरचा प्रकाश लाल नसतो, पिवळसर हिरवा असतो. लांब आणि मध्यम यांच्यात अंतर आहे जेमतेम ३० नॅनोमीटरचं. या दोघी जवळजवळ एकच काम करतात, आणि लाल-हिरव्याचा अख्खा भेद त्यांच्यातल्या त्या बारीक फरकावर उभा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकटी शंकुपेशी म्हणजे घरातला विजेचा मीटर. किती युनिट जळले एवढंच तो सांगतो. पंख्याने जाळले की इस्त्रीने, त्याला पत्ता नाही. पेशीलाही आपण किती प्रकाश शोषला एवढंच कळतं. तिच्या आवडीच्या लहरीचा मंद प्रकाश आणि नावडत्या लहरीचा झगझगीत प्रकाश तिला सारखाच. रंग ठरतो तो पुढे, मज्जापेशी या तिन्ही मीटरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतात तेव्हा. थोडक्यात, रंग म्हणजे तुलना.

याचा पुरावा हातातल्या फोनवर आहे. पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब ठेवला तर तो भिंगासारखं काम करतो आणि खाली लाल, हिरवे, निळे कण दिसतात. पिवळा कण कुठेच नाही. तरी स्क्रीनवर पिवळा रंग दिसतो, कारण लाल आणि हिरवा कण मिळून लांब आणि मध्यम पेशींना खऱ्या पिवळ्या प्रकाशाएवढंच चेतवतात. आकडे जुळले की मेंदू 'पिवळा' म्हणून मोकळा होतो. म्हणजे अस्सल पिवळा आणि जोडतोडीचा पिवळा यांतला फरक कुणालाच दिसत नाही. त्या बाबतीत सगळेच रंगांधळे.

## प्रकार किती आणि कुठले

नावं ग्रीक आहेत. पहिला, दुसरा, तिसरा या अर्थाचे शब्द घेऊन लांब पेशीच्या दोषाला प्रोटान, मध्यमच्या दोषाला ड्यूटान आणि आखूडच्या दोषाला ट्रायटान म्हणतात. पेशीचा तो प्रकार साफ गैरहजर असेल तर शेवटी 'ओपिया' लागतो; हजर आहे पण जागेवरून सरकलेला असेल तर 'अनोमली'.

सगळ्यात जास्त आढळतो तो ड्यूटरअनोमली. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा कुठला ना कुठला दोष असतो आणि त्या आठांपैकी सुमारे पाच एकट्या या प्रकारात मोडतात. ड्यूटरअनोपिया, प्रोटॅनोपिया आणि प्रोटॅनोमली प्रत्येकी साधारण १ टक्का. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत प्रमाण याहून कमी आहे. बायकांमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

ड्यूटरअनोमलीत मध्यम पेशीची पसंती लांबकडे सरकलेली असते. मुळात ३० चं अंतर, ते आणखी आक्रसतं. दोन्ही मीटर जवळजवळ तोच आकडा दाखवायला लागतात, मग ताडून पाहण्यासारखं उरतंच कमी. रंग गडद असेल, वस्तू मोठी असेल, उजेड चांगला असेल तर उरलेल्या तुटपुंज्या फरकावर भागतं. रंग फिका, वस्तू बारीक, उजेड मंद, की गाडी अडते. सुरुवातीला विचारलेल्या तीन वस्तू बरोबर ओळखल्या जातात त्या यामुळे. शिवाय गवत हिरवं आणि रक्त लाल हे सगळ्यांना पाठच असतं.

प्रोटान प्रकारात आणखी एक भानगड असते जी ड्यूटानमध्ये नसते. लांब लहरी टिपणारी पेशीच नाही (किंवा सरकलेली), त्यामुळे लाल नुसता वेगळा दिसत नाही, काळपट दिसतो. गाडीचे ब्रेकलाइट फिके, लाल लेझरचा ठिपका जेमतेम, काळ्यावर लाल अक्षरं जवळपास गायब. वाहन चालवताना दोन्हींत जास्त जपायला हवं ते प्रोटान माणसाने.

गोंधळ नेमका कुठल्या जोड्यांचा होतो? लाल आणि हिरवा ही जोडी लोकांच्या तोंडी असते, पण भडक लाल आणि भडक हिरवा शेजारी ठेवले तर निदान उजळपणावरून वेगळे कळू शकतात. खरी पंचाईत होते हिरवा आणि तपकिरी, नारिंगी आणि पोपटी, फिका गुलाबी आणि करडा, निळा आणि जांभळा या जोड्यांची. शेवटची जोडी ऐकून अनेकांना नवल वाटतं, कारण तिच्यात लाल-हिरवा कुठे आहे? आहे: जांभळा म्हणजे निळ्यात थोडा लाल. तो लालाचा अंश हिशेबात धरलाच गेला नाही तर उरतो फक्त निळा. आणि मध्यम किंवा लांब पेशी अजिबात नसलेल्यांना ४९५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा चक्क रंगहीन, पांढुरका दिसतो.

ट्रायटान प्रकार दुर्मीळ. त्याला 'निळा-पिवळा दोष' म्हणतात, तेही अर्धवट खरं: निळा गोंधळतो हिरव्याशी आणि पिवळा फिक्या गुलाबीशी. त्याचा जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याने बाई-पुरुष दोघांत तो सारख्याच प्रमाणात आढळतो.

आता ते काळं-पांढरं जग. अक्रोमॅटॉप्सियामध्ये तिन्ही शंकुपेशी काम करत नाहीत, सगळी मदार दंडपेशींवर. नुसता रंगच जात नाही: दिवसाचा उजेड सहन होत नाही, डोळे सतत हलत राहतात, दृष्टी फार अधू असते. बाकीच्या जन्मजात प्रकारांत नजर उत्तम असते, हा मोठा फरक. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप नावाच्या चिमुकल्या बेटावर १७७५ च्या सुमारास वादळात मोजकी माणसं वाचली. त्यांतल्या एकाकडून हा दोष पुढे आला असं मानतात. आज तिथल्या रहिवाशांत तो ५ ते १० टक्के आहे.

## 'आमच्या घरात तर कुणालाच नाही'

लांब आणि मध्यम पेशींचे जनुक एक्स गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि जवळपास एकसारखे असतात. पोथी नकलताना एकमेकींसारख्या दोन ओळी खाली-वर आल्या की नजर एकीवरून दुसरीवर घसरते आणि ओळ गळते किंवा दोन ओळींची एक होते. इथेही तेच. ओळ गळली की 'ओपिया', खिचडी झाली की बऱ्याचदा 'अनोमली'.

पुरुषाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यात दोष असेल तर भरपाईला दुसरा नाही. बाईकडे दोन, त्यातला एक धड असला तरी पुरतं; तिला त्रास नाही, पण ती वाहक. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला दोष मिळण्याची शक्यता निम्मी. बापाकडून मुलाला हा दोष जात नाही, कारण बाप मुलाला एक्स देतच नाही. मुलींना मात्र तो तोच एक्स देतो, म्हणून त्याच्या सगळ्या मुली निदान वाहक असतात. तेव्हा वडील आणि काका यांच्याकडे पाहून उपयोग नाही. आईचे वडील आणि मामा यांना विचारावं. आजोबांकडून मुलीच्या पोटी नातवाकडे, अशी ही वाट आहे, आणि मधली पिढी कोरी दिसते.

हिशेब करून पाहिला तर एक गंमत निघते. शंभरातल्या आठ एक्समध्ये दोष असेल, तर दोन्ही एक्स सदोष असलेल्या बायका ८ टक्क्यांच्या ८ टक्के, म्हणजे ०.६४ टक्के निघायला हव्यात. प्रत्यक्षात त्याहून कमी आढळतात. कारण एका एक्सवर प्रोटान आणि दुसऱ्यावर ड्यूटान दोष असला तर एका एक्सवर नसलेलं दुसऱ्यावर असतं आणि त्या बाईला रंग व्यवस्थित दिसतात. तिचे मुलगे मात्र बहुधा सगळेच रंगांधळे, कुणी एका प्रकारचा, कुणी दुसऱ्या.

हा दोष पहिल्यांदा नीट मांडला तो जॉन डाल्टनने, अणुसिद्धान्तवाला तोच. १७९४ मध्ये मँचेस्टरला त्याने स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार आणि तो लाल प्रकाश शोषून घेत असणार, असा त्याचा तर्क होता. मेल्यावर डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ मध्ये त्याच्या डॉक्टरने तपासले. द्रव अगदी स्वच्छ निघाला. तर्क चुकला, पण डोळा जपून ठेवला गेला, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की डाल्टनला मध्यम पेशीचा जनुकच नव्हता. दीडशे वर्षांनी निदान झालं: ड्यूटरअनोपिया.

## ठिपक्यांच्या पुस्तकात असतं काय

हे पुस्तक जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांचं, पहिल्यांदा १९१७ चं. पूर्ण संचात ३८ पानं. ठिपके लहान-मोठे, फिके-गडद असे मुद्दाम विस्कटलेले असतात, कारण रंगांधळा माणूस एरवी उजळपणा आणि कडा यांवर निभावून नेतो. इथे त्या दोन्ही वाटा बंद केलेल्या असतात. उरतो निव्वळ रंगाचा फरक.

पहिल्या पानावरचे १२ सगळ्यांना दिसतात. ते ज्याला दिसत नाहीत त्याची नजर अधू आहे, त्याला पद्धत समजलेली नाही, किंवा तो नाटक करतोय. पुढे काही पानांवर आकडा बदलतो: साध्या नजरेला ७४ दिसतात तिथे लाल-हिरव्या दोषात २१ वाचले जातात, ८ च्या जागी ३. काही पानांवर आकडा नाहीसाच होतो. काही पानं उलटी, म्हणजे दोष असणाऱ्यालाच आकडा दिसतो आणि बाकीच्यांना नुसते ठिपके. शेवटी प्रकार ओळखायची पानं: '२६' या आकड्यातला ६ प्रोटान माणसाला ठळक दिसतो, ड्यूटानला २.

पान डोळ्यांपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर, नजरेच्या समोर धरायचं. उजेड दिवसाचा, पण थेट ऊन नको. उत्तराला तीन सेकंद. बोटाने गिरवू द्यायचं नाही. ३८ पानांच्या संचात पहिल्या २१ पानांवर गुण ठरतात: १७ किंवा अधिक बरोबर तर दृष्टी निर्दोष, १३ किंवा कमी तर दोष.

चुका होतात त्या बहुधा साहित्यात. पिवळ्या बल्बखाली घेतलेली तपासणी बाद, कारण त्या उजेडात ठिपक्यांचे रंगच बदलतात. वर्षानुवर्षं उन्हात उघडं पडलेलं पुस्तक विटतं. फोनवर पाहिलेली पानं तर फक्त शंका घ्यायला ठीक. स्क्रीनचे रंग पुस्तकाच्या शाईचे नसतात. आणि हे पुस्तक ट्रायटान दोष पकडत नाही, दोष किती तीव्र तेही नीट सांगत नाही. त्यासाठी रंगीत चकत्या क्रमाने लावायची चाचणी असते, १५ चकत्यांची छोटी आणि ८५ चकत्यांची मोठी.

सर्वांत खात्रीची तपासणी अनोमॅलोस्कोपची. भिंगातून एक गोल दिसतो. अर्ध्या भागात ५८९ नॅनोमीटरचा अस्सल पिवळा, अर्ध्यात लाल आणि हिरव्याचं मिश्रण. दोन कळा फिरवून दोन्ही अर्धुकं एकसारखी करायची. ड्यूटरअनोमली असलेला माणूस जास्त हिरवा घालतो, प्रोटॅनोमलीवाला जास्त लाल. ज्याच्याकडे ती पेशीच नाही त्याला कुठलंही मिश्रण चालतं. अगदी निव्वळ लालसुद्धा तो नुसता पिवळ्याचा उजळपणा कमी-जास्त करून जुळवून दाखवतो, आणि 'झालं, सारखं आहे' म्हणतो.

## मग सिग्नल कसा कळतो? आणि कळतो तर नोकरी का नाकारतात?

रस्त्यावरच्या सिग्नलला जागा असते: लाल वर, हिरवा खाली. शिवाय त्यातला हिरवा मुद्दाम निळसर ठेवतात, म्हणून अनेकांना तो पांढुरका आणि बाकीच्या दोघांहून वेगळा दिसतो. रात्री लुकलुकणारा एकटा दिवा लाल की पिवळा, हे मात्र चुकू शकतं.

रेल्वे, जहाज, विमान इथे गोष्ट वेगळी. काळोखात दूरवर एक ठिपका दिसतो, त्याला वर-खाली नसतं. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. समोरचं जहाज कुठे चाललंय ते त्यावरूनच कळतं. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने लोकरीच्या रंगीत लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू करवली. त्या अपघाताचं कारण खरोखर रंगांधळेपणा होतं का, यावर पुढे संशोधकांनी शंका घेतली, पण तपासणी मात्र कायम झाली. त्या कामांसाठी ती रास्तच आहे. जिथे रंग हा एकमेव खुणेचा दिवा नाही, तिथेही तोच निकष डोळे मिटून लावणं हा आळस.

## चष्म्याने बरा होतो का?

चष्मा घालताच डोळ्यांत पाणी आलेल्या माणसांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ते चष्मे लांब आणि मध्यम पेशी ज्या पट्ट्यात एकमेकींवर चढतात तिथला अरुंद पट्टा गाळून टाकतात. त्यामुळे काही जोड्या ठळक होतात, पण आधी वेगळ्या दिसणाऱ्या दुसऱ्या काही जोड्या एकसारख्या होतात. जी पेशी नाहीच ती काचेने उगवत नाही. स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठाने २०१८ मध्ये तपासून हेच सांगितलं: रंगांचा अनुभव बदलतो, दृष्टी साध्या नजरेसारखी होत नाही. अनोमलीवाल्या काहींना मजा येते, ओपियावाल्यांचे पैसे बहुधा वाया जातात. उजेड कमी होत असल्याने रात्री गाडी चालवताना तो घालू नये. एका डोळ्यावर लाल भिंग लावून ठिपक्यांचं पुस्तक वाचता येतं, पण ती पानांवर मात असते, दोषावर नव्हे.

जनुकोपचाराने २००९ मध्ये रंगांधळ्या माकडांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येऊ लागला, तीही वयाने मोठी झालेली माकडं. माणसांमध्ये अक्रोमॅटॉप्सियासाठी प्रयोग चालू आहेत. लाल-हिरव्या दोषासाठी आज औषध, शस्त्रक्रिया, व्यायाम काहीही नाही, आणि बरं करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

## रंग मधूनच बदलले तर

जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि आयुष्यभर बदलत नाही. एकाच डोळ्यात फरक, किंवा हल्ली-हल्ली आलेला फरक, म्हणजे हे प्रकरण वेगळं. घरी पाहायचं तर लाल झाकण समोर ठेवून आळीपाळीने एकेक डोळा झाका. एका डोळ्याला ते विटल्यासारखं दिसलं तर दृष्टिचेतेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, सूज असू शकते. डॉक्टरकडे लगेच जा. क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉलने रंग बिघडू शकतात आणि ते नजर जाण्याआधीचं लक्षण असू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरला त्याच दिवशी सांगा. हृदयाच्या डिगॉक्सिनचं प्रमाण वाढलं की सगळं पिवळट दिसतं. मधुमेह आणि काचबिंदूतही निळ्या-पिवळ्याची गफलत होऊ शकते. मोतीबिंदू इतका सावकाश पिवळा होतो की कळतच नाही. शस्त्रक्रियेनंतर निळा रंग एकदम झळाळला की मागचं लक्षात येतं.

## रोजच्या वापरात

मूल चार-पाच वर्षांचं झालं की तपासणी होऊ शकते. अंक येत नसतील तर आकड्यांऐवजी वळणावळणाची वाट असलेली पानं असतात. दोष निघाला तर शाळेत सांगावं, म्हणजे झाडाचं खोड हिरवं रंगवल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत. खडूंवर रंगांची नावं चिकटवली की निम्मं काम होतं. हिरव्या फळ्यावर लाल खडू कुणासाठीच चांगला नाही, या मुलांसाठी तर नाहीच. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली रंगदुरुस्ती असते. तिथे आपला प्रकार निवडता येतो.

तक्ता, नकाशा किंवा ॲप बनवणाऱ्यांसाठी एकच कसोटी पुरे: चित्र करड्या छटांमध्ये छापा आणि वाचता येतं का ते पाहा. येत नसेल तर रेषांना तुटक-सलग करा, नावं रेषेच्या शेजारीच लिहा, लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी घ्या. विजेच्या अर्थिंगच्या वायरला बऱ्याचदा हिरव्यावर पिवळे पट्टे असतात; रंग कळला नाही तरी पट्टे कळतात.

आणि चार्जरवरचा तो बारीक दिवा, जो चार्ज होताना लाल असतो आणि झाल्यावर त्याच जागी हिरवा होतो. ठिपका एवढासा, जागा बदलत नाही, आजूबाजूला ताडून पाहायला दुसरा रंग नाही. रंगांधळ्या माणसाला याहून कठीण प्रश्नपत्रिका काढता आली नसती. चार्ज होताना तो नुसता लुकलुकला असता तरी भागलं असतं.